कोकणच्या किनाऱ्यावर रिटायर व्हायचंय? इंदूरचं घर विकायच्या आधी एवढं करा

आमच्या सुदामा नगरच्या गल्लीत दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी रिटायर होतं आणि म्हणतं, बस झालं आता, कोकणात जाऊन राहू. आम्हा इंदूरच्या मराठी लोकांचं असंच आहे, पिढ्या होळकरांच्या गावात गेल्या पण कुळाचार विचारला की नाव निघतं व्याडेश्वराचं नाहीतर वेळणेश्वराचं, कोणाचं हरिहरेश्वराचं. एकदा डिसेंबरात दर्शनाला जातो, समुद्र बघतो, गरम गरम मोदक खातो, आणि मनात बी पडतं. आमच्याही पडलं. आम्ही दोघं तीन वर्षांपूर्वी संक्रांतीनंतर गुहागर तालुक्यात एका गावी भाड्याने राहायला गेलो आणि नऊ-दहा महिने राहून परत आलो. इंदूरचं घर विकायला काढलं होतं, गिऱ्हाईकही आलं होतं, मुलीने हट्ट धरला म्हणून थांबलो. तिने हट्ट धरला नसता तर आज आमचं काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

कोकण वाईट आहे असं मी अजिबात म्हणणार नाही, माणसं सोन्यासारखी भेटली. पण साठीनंतर तिकडे कायमचं जायचं तर काय काय तपासायचं हे आम्हाला कोणी नीट सांगितलं नव्हतं, जो तो म्हणायचा "वा, नशीबवान आहात". म्हणून जे तपासायला हवं होतं ते क्रमाने लिहिते.

पायरी १: चुकीच्या सीझनमध्ये जाऊन राहा

डिसेंबर-जानेवारीतलं कोकण बघून निर्णय घेऊ नका, तो सगळ्यात चांगला काळ असतो. तीन वेळा जा. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पंधरा दिवस, जुलैत तीन आठवडे आणि ऑक्टोबरात दहा दिवस. हॉटेल किंवा होमस्टे नको, साधी खोली भाड्याने घ्या जिथे स्वयंपाक, कपडे, भांडी सगळं आपलं आपल्याला करावं लागेल, कारण रिटायर होऊन तेच करायचंय.

उन्हाबद्दल आधी सांगते. इंदूरचा पारा मेमध्ये ४० च्या पुढे जातो म्हणून आपल्याला वाटतं आपण काय उन्हाला घाबरतो. पण आपला उन्हाळा कोरडा आहे. अंगाला घाम येतो, तो उडतो आणि उडता उडता अंग गार करतो. कूलरचं गणितही तेच, खसच्या ताट्यांवरचं पाणी कोरड्या हवेत उडतं म्हणून खोली गार होते. किनाऱ्यावर पारा ३२-३३ च्या फार वर जात नाही, पण हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम उडतच नाही, नुसता गळतो. पंख्याखाली बसलं तरी गळतो. आम्ही इथला कूलर टेम्पोत घालून नेला होता, पहिल्या दिवशी लावला तर खोलीत अजूनच दमट झालं, बंद करून ठेवला तो परत येईपर्यंत. तिकडे एसीच लागतो, आणि रात्रभर लागतो.

रात्रीचं वेगळं आहे. इंदूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर. दिवस कितीही तापला तरी रात्री गच्चीवर वारा सुटतो, शब-ए-मालवा (माळव्याची रात्र) उगाच म्हणत नाहीत. समुद्राचं पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, त्यामुळे मे महिन्यात तिकडे रात्री अडीच वाजतासुद्धा २६-२७ असतं आणि दमटपणा वाढलेला. तरुण माणूस झोपतो कसाही. साठीच्या माणसाची झोप मोडली की दुसऱ्या दिवशी बीपी वर, चिडचिड, गुडघे जास्त दुखणार, सगळं एकातून एक. म्हणून ट्रायलला जाल तेव्हा एक वही करा, दोघांचं सकाळचं बीपी, वजन आणि रात्री किती झोप झाली ते रोज लिहा. पंधरा दिवसांनी वही बघूनच कळतं, कोणाला विचारायची गरज पडत नाही.

आणि ऑक्टोबर विसरू नका. पाऊस संपतो, जमीन ओली असते, ऊन कडक पडतं, वारा बंद. मला विचाराल तर मे परवडला.

पायरी २: डॉक्टरपर्यंतचं अंतर किलोमीटरमध्ये नाही, मिनिटांत मोजा

हा भाग कृपा करून नीट वाचा.

इंदूरला आपल्याला सवय झालीये की रात्री काही झालं तर दहा-पंधरा मिनिटांत कुठल्यातरी मोठ्या हॉस्पिटलच्या दारात उभं राहायचं. त्याची किंमत तिथे असताना कळत नाही. गुहागर ते चिपळूण साधारण ४५ किलोमीटर. नकाशात बघितलं तर काहीच नाही. पण तो वळणावळणाचा रस्ता आहे, रात्री दिवे नाहीत, पावसात समोरचं दिसत नाही.

ऑक्टोबरातली गोष्ट. रात्री पावणेदोनला हे उठून बसले आणि मला म्हणाले, "दूधवाला आलाय, पातेलं दे." मला वाटलं झोपेत बोलतायत. पण ते उठून दाराकडे निघाले, कडी काढायला लागले, आणि त्यांना कडी कुठल्या बाजूला सरकवायची ते समजत नव्हतं. उलटीच ढकलत होते, परत परत. मी हात धरला तर तळवा ओला गार. नाव विचारलं तर सांगितलं, पण आपण कुठे आहोत विचारलं तर म्हणाले रामबागेत. रामबागेत त्यांचं लहानपण गेलं.

शेजारच्या काकांनी त्यांची व्हॅन काढली. पहिल्या दवाखान्यात रात्री रक्ततपासणीची सोय नव्हती, तिथून पुढे पाठवलं. दुसऱ्या ठिकाणी पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. रक्तातलं सोडियम ११८ निघालं, असायला हवं १३५ ते १४५. कारण साधं होतं. हे आठ वर्षं बीपीची जी गोळी घेतात तिच्यात लघवी वाढवणारं औषध आहे, इंदूरला तिचा कधी त्रास झाला नाही. तिकडे रोज घामातून मीठ जात होतं, गोळीने लघवीतून जात होतं, बीपी म्हणून जेवणात मीठ कमी, आणि घाम येतो म्हणून दिवसाला चार-चार लिटर साधं पाणी पीत होते. सोडियम एकदम वाढवलं तर मेंदूला इजा होते म्हणून डॉक्टरांनी चार दिवस हळूहळू वाढवलं. चार दिवस मी तिथल्या बाकावर होते आणि मुलगी इंदूरहून निघाली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचली.

म्हणून आता हे करा:

- जायच्या आधी दोघांच्या सगळ्या गोळ्या घेऊन इंदूरच्या डॉक्टरांकडे जा आणि स्पष्ट विचारा, मी दमट गरम जागी राहायला चाललोय, यातली लघवी वाढवणारी कुठली, बदलायची का, पाणी किती, मीठ किती. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. तिकडे गेल्यावर पंधरा दिवसांनी सोडियम-पोटॅशियम तपासून घ्या, उकाड्याच्या महिन्यांत परत परत.
- घर बघायच्या आधी हॉस्पिटल बघा. स्वतः जा, रिसेप्शनवर विचारा: रात्री सीटी स्कॅन होतो का, रात्री लॅब चालू असते का, आयसीयू आहे का, अँजिओप्लास्टी इथेच होते की कोल्हापूर-मुंबईला पाठवता. चिपळूणकडे राहणार असाल तर डेरवणचं वालावलकर हॉस्पिटल बघून या. सिंधुदुर्गातली कितीतरी माणसं मोठ्या आजाराला सरळ गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला जातात, तेही अंतर धरा.
- मेंदूत गुठळी होऊन लकवा झाला तर ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याच्या आधी सीटी स्कॅन व्हावाच लागतो. तुमच्या दारापासून सीटी मशीनपर्यंत पावसाळी रात्री किती वेळ लागेल? हा आकडा दोन तासांच्या पुढे जात असेल आणि दोघांपैकी एकालाही बीपी, शुगर किंवा हार्टचं काही असेल तर मी म्हणेन ते गाव सोडून द्या, समुद्र कितीही सुंदर असू दे.
- १०८ ची गाडी कुठून येते आणि यायला किती वेळ लागतो हे गावातल्या आशाताईंना विचारा, त्यांना खरं माहिती असतं.

सापा-विंचवाचंही याच पायरीत. आपण शहरात राहून विसरलेलो असतो. तिकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही आहेत, फुरसं तर एवढंसं असतं आणि चिऱ्यांच्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, बसलेलं दिसतही नाही. या चौघांच्या विषावर चालणारं एकच प्रतिविषाचं इंजेक्शन असतं, ते जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे ते पाठ करून ठेवा. मांत्रिक, चिरा देणं, घट्ट बांधणं असलं काही नाही, हालचाल कमी करून सरळ दवाखाना. लाल विंचवाचंही तसंच, महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन नावाचं बीपीचं औषध विंचूदंशावर वापरून कोकणातले कितीतरी जीव वाचवले, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण औषध वेळेत मिळालं तर उपयोग. रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि बंद बूट, बूट घालायच्या आधी झटकायचे, गादी भिंतीपासून लांब.

पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) नावाचा ताप. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होतो, टाचांना भेगा असल्या की लगेच शिरकाव. परसातल्या चिखलात अनवाणी जाऊ नका, ताप आला तर दोन दिवस घरी क्रोसिन घेत बसू नका.

पायरी ३: घर बघताना समुद्राकडे नाही, छताकडे बघा

एजंट आधी गच्चीवर नेतो, कारण तिथून समुद्र दिसतो. तुम्ही आधी बाथरूमचं छत बघा, मग बाल्कनीची खालची बाजू. समुद्राच्या हवेतलं मीठ स्लॅबमध्ये मुरतं, आतल्या सळया गंजतात, गंजलेलं लोखंड फुगतं आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. नुसता नवीन रंग दिला असेल तर बोटाने टकटक करा, पोकळ आवाज आला की समजा. खिडक्यांचे गज, कड्या-कोयंडे, मीटरचा बोर्ड, पंख्याचा रॉड बघा. शेजाऱ्यांच्या एसीचं बाहेरचं युनिट बघा आणि किती वर्षांचं आहे विचारा, त्यावरून हवा किती खारी आहे ते कळतं. मी तर म्हणेन समुद्र दिसणारं घर घेऊच नका. दोन-तीन किलोमीटर आत घ्या आणि संध्याकाळी फिरायला किनाऱ्यावर जा, मिठाचा मारा बराच कमी होतो. खिडक्या युपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या), स्टील लावायचं तर ३१६ ग्रेडचं, साधं ३०४ तिथे डाग धरतं.

मग दमट. जून ते सप्टेंबर घरातली प्रत्येक वस्तू ओली होते, भिजून नाही, नुसती हवेने. माझ्या आईची पेटी आहे, हार्मोनियम, ती मी इंदूरला पन्नास वर्षं वाजलेली बघितली, कधी काही झालं नाही. तिकडे जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात झाकण उघडलं तर मधल्या सप्तकातल्या चार पट्ट्या दाबल्या की खालीच राहायच्या, लाकूड फुगलं होतं. भात्याच्या घडीत पांढरी बुरशी, बोट फिरवलं तर पिठासारखी लागली. आत पितळी सुरांवर हिरवट थर. मंद्रातला "प" काढला तर सूर यायच्या आधी नुसती हवा जायची. त्या दिवशी मी खूप रडले, खोटं कशाला बोलू. परत आल्यावर इथल्या कारागिराने दोन महिने घेऊन ठीक केली, तरी तो "प" पहिल्यासारखा नाही.

तेव्हा पेटी, तबला, तंबोरा, महेश्वरी-पैठणी, जुने फोटो, पोथ्या हे काही घेऊन जाऊ नका, इंदूरलाच कोणाकडे ठेवा. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, आत कमी वॅटचा साधा बल्ब लावतात तो उपाय खरंच चालतो, जमलं तर डीह्युमिडिफायर घ्या. कागदपत्रं डिजीलॉकरवर आणि मूळ प्रती बँकेच्या लॉकरमध्ये.

म्हाताऱ्या माणसांच्या वस्तूंचं कोणी सांगत नाही ते सांगते. शुगर तपासायच्या पट्ट्यांची डबी उघडी राहिली की दमट हवेने त्या खराब होतात आणि आकडा चुकीचा येतो, आणि त्या आकड्यावर आपण इन्सुलिन घेत असतो. कानाच्या मशीनमध्ये ओल जाते, तिच्यासाठी सुकवायची डबी मिळते ती घ्या. गोळ्या पत्र्यातून काढून महिन्याच्या डब्यात भरून ठेवायची सवय असेल तर तिकडे सोडा, मऊ पडतात.

पायरी ४: जमिनीचे कागद

इथे सगळ्यात जास्त इंदूरवाले फसतात, कारण आपल्याकडे मध्य प्रदेशात शेतजमीन कोणीही घेऊ शकतो. महाराष्ट्रात तसं नाही, तिथे शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं. "आंब्याची दहा कलमं आणि छोटं घर" अशी जाहिरात असते ती बहुतेक शेतजमीनच असते. बिनशेती (एनए) झालेली आहे का, त्याचे कागद दाखवा म्हणा, नुसतं "एनए होऊन जाईल" यावर एक रुपया देऊ नका.

सातबारा (जमिनीचा सरकारी उतारा) काढा आणि नावं मोजा. कोकणात एका तुकड्यावर तीस-चाळीस वारसांची नावं असतात, अर्धे मुंबईत, काही वारलेले. एकाने सही दिली म्हणजे सगळ्यांनी दिली असं नाही. फेरफार (नावबदलाची नोंद), आठ-अ (खात्याचा उतारा), कुळाचं, म्हणजे जमीन कसणाऱ्याचं, नाव आहे का, वर्ग-२ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) आहे का, आणि रस्ता कागदावर आहे का की नुसती पायवाट, हे तिथल्याच तालुक्याच्या वकिलाकडून तपासून घ्या, एजंटने दिलेल्या वकिलाकडून नाही.

समुद्राजवळची जमीन असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे केंद्र सरकारचे नियम. २०१९ च्या नियमाप्रमाणे गावाकडच्या किनाऱ्यावर भरतीच्या रेषेपासून २०० मीटर बांधकाम करता येत नाही, दाट वस्तीच्या गावांना ते ५० मीटर आहे. खाडीच्या काठालाही नियम लागतो, हे खूप जणांना माहितीच नसतं. ग्रामपंचायतीने घरपट्टी लावली म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असं होत नाही.

आणखी एक, इंदूरचं घर विकलं की नफ्यावरचा टॅक्स वाचवायला दोन वर्षांत दुसरं घर घ्यावं लागतं, बांधायचं तर तीन वर्षांत. म्हणजे विकलं की घड्याळ सुरू झालं, आणि त्या घाईत माणूस नको ती जमीन घेतो. त्यामुळेही मी म्हणते आधी भाड्याने राहून बघा, मग विका.

पायरी ५: वादळ, पूर, वीज, पाणी

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगडकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, काही गावांत कितीतरी आठवडे वीज नव्हती. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून वर गुजरातकडे गेलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं, बाजारपेठ बुडाली. आमच्या शेजारच्या आजींची पोफळीची बाग निसर्ग वादळात गेली, त्या म्हणायच्या, "नवीन लावल्या गो, पण सुपारी धरायला वर्षं लागतात, आणि मी आता किती वर्षांची." ज्यांच्याकडे वर्षं आहेत त्यांचं नुकसान भरून निघतं, आपल्या वयाला तेच नसतं.

घर घेण्याआधी शेजारी विचारा, २००५ ला पाणी कुठवर आलं होतं, २०२१ ला कुठवर आलं, हात लावून दाखवा म्हणा. मागे डोंगर असेल तर दरडीचं विचारा. घराचा विमा काढताना "भारत गृह रक्षा" पॉलिसी मागा, त्यात वादळ-पूर धरलेला असतो, पण घरातल्या सामानाची रक्कम नीट लिहून घ्या.

पाण्याचं ऐकून आश्चर्य वाटेल. इंदूरच्या तिप्पट पाऊस पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये कितीतरी वाड्यांना टँकर. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, सगळं समुद्रात जातं. किनाऱ्याजवळ जास्त उपसा झाला की बोअरला खारं पाणी लागतं. विहीर बघायला मे महिन्यातच जा. आणि इंदूरचे पाहुणे नेमके मेमध्येच येतात, शाळांना सुट्टी लागली की, त्यांना नाही म्हणवत नाही. आमच्याकडे एका मेमध्ये पाच वेळा माणसं आली, विहिरीत गुडघाभर पाणी, मी पहाटे चारला उठून पाणी भरत होते.

वीज जाते, पावसात खूप जाते. इन्व्हर्टर घेताना एसी चालणार नाही हे धरून चला. आणि आगोटीची बेगमी शिका, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या आत तांदूळ, डाळी, तेल, गॅस, मसाले, आणि आपल्यासाठी दोन महिन्यांच्या गोळ्या, सगळं भरून ठेवायचं. गावातल्या बायका मेच्या शेवटी हेच करत असतात, त्यांच्या मागे मागे राहा.

पायरी ६: पैसे

"तिकडे स्वस्त आहे" हे अर्धंच खरं. भाजी, भाडं स्वस्त. पण एसीचं बिल, दर दोन वर्षांनी रंग, गंजलेलं बदलणं, हॉस्पिटलला जायची गाडी, इंदूरला वर्षातून तीन-चार खेपा, हे धरलं तर आमचा महिन्याचा खर्च इंदूरपेक्षा जास्तच झाला. हेल्थ इन्शुरन्सचं कॅशलेस त्या जिल्ह्यात कुठल्या हॉस्पिटलला आहे ती यादी जायच्या आधीच काढा. केंद्र सरकारचे पेन्शनर असाल आणि सीजीएचएस (केंद्राची आरोग्य योजना) नसलेल्या भागात जाणार असाल तर महिना हजार रुपये मेडिकल अलाउन्स मिळतो, पण इंदूरचं कार्ड सोडायचं का हे नीट विचार करून ठरवा. सत्तरी झाली असेल तर सरकारी आरोग्य विम्याचं आयुष्मान वय वंदना कार्ड दोघांचंही काढून घ्या. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, त्याची काळजी नको, नेटवर्क हवं एवढंच.

पायरी ७: माणसं

आम्हाला वाटलं होतं, आपण मराठीच, आपल्याच लोकांत चाललोय. भाषा आपली असली तरी आपण तिथे पाहुणेच असतो, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. आमच्या इंदुरी मराठीत "मी येऊन राहिले" (म्हणजे येतेय) म्हटलं की पोरं माझ्याकडे बघत राहायची. गावात आमच्या वयाची माणसं खूप, तरुण सगळे मुंबईला. गणपतीत आणि शिमग्याला गाव भरतं, चाकरमानी येतात, घराघरांत दिवे लागतात, आणि मग ते गेले की आठवडाभर असं वाटतं कोणीतरी आवाज बंद केलाय. जुलैत सलग सहा-सहा दिवस मी ह्यांच्याशिवाय कोणाशी बोलले नाही. इथे माझं भजनी मंडळ आहे, सानंद संस्थेची नाटकं आहेत, सकाळी पोहे आणायला कोपऱ्यावर गेलं तरी चार माणसं विचारतात.

जाण्या-येण्याचंही बघा. इंदूरहून रात्रभर अवंतिका एक्सप्रेसने मुंबई, मग स्टेशन बदलून कोकण रेल्वे, मग चिपळूणहून एसटी नाहीतर रिक्षा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाइमटेबलच वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात, कधी दरड पडते. नातवाच्या मुंजीला पोचायचं तर एक दिवस हातचा ठेवून निघावं लागतं, आणि ज्या बातमीला लगेच निघावं लागतं तिला एक दिवस हातचा नसतो.

यातला सगळ्यात कठीण प्रश्न जेवणाच्या टेबलावर बसून एकमेकांना विचारा, आम्ही विचारला नव्हता. दोघांपैकी एक गेला तर दुसरा तिथे राहील का? गाडी कोण चालवेल? तुमच्या घरात एकालाच गाडी येत असेल तर दुसऱ्याने आधी शिकावी, साठीतही येते, मी परत आल्यावर एकसष्टीला शिकले. आणि उत्तर "राहणार नाही" असं असेल तर मग घर विकत घ्यायचंच कशाला, हे मला तरी कळत नाही.

पायरी ८: परतीचा रस्ता ठेवून जा

इंदूरचं घर विकू नका, निदान दोन पावसाळे होईपर्यंत. पूर्ण रिकामंही ठेवू नका. आम्ही वरचा मजला अकरा महिन्यांच्या करारावर दिला आणि खालची एक खोली कुलूप लावून स्वतःकडे ठेवली, गादी, दोन पातेली, गॅस आणि ह्यांच्या फाइली त्यात होत्या. ऑक्टोबरच्या त्या प्रकारानंतर आम्ही पंधरा दिवसांत परत येऊ शकलो ते त्या एका खोलीमुळे. गॅस कनेक्शन, आधारवरचा पत्ता, मतदार यादी, बँकेची शाखा, काही बदलू नका पहिल्या वर्षी. जुन्या डॉक्टरांना सांगून ठेवा की फोन करू, ते उचलतात.

आता आम्ही काय करतो ते सांगते. दत्तजयंती झाली की जातो आणि शिमग्याच्या पालख्या बघून परत येतो, त्याच गावात, त्याच काकांकडे खोली घेऊन. ते तीन महिने हवा इतकी छान असते की ह्यांचे गुडघेसुद्धा दुखत नाहीत. चालायला सकाळी ओहोटीच्या वेळी जातो, ओली वाळू कडक असते आणि उतार कमी लागतो, कोरड्या वाळूत पाय रुततात आणि गुडघ्यावर ताण येतो. गोळ्या बंद पत्र्यात, शुगरच्या पट्ट्या झाकणबंद डबीत, आणि पोचल्यावर पंधराव्या दिवशी चिपळूणला जाऊन सोडियम करून येतो. मागच्या वेळी १३८ होतं. काकांनी या वर्षी खोलीच्या खिडकीचे गज बदललेत, पेटी मात्र मी इंदूरलाच ठेवून जाते.